आपल्या टेबलवरच्या पार्टीचं वेबकॉमिक: नाशिकमधून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फॅन वेबकॉमिक म्हणजे नक्की काय आणि लोक कोणत्या जगांवर करतात?

दुसऱ्या कुणीतरी बनवलेल्या खेळाच्या जगात आपल्या पार्टीची (एकत्र खेळणाऱ्या गटाची) गोष्ट घडवायची, ती चित्रांत काढायची आणि नेटवर फुकट टाकायची, एवढंच. डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी), म्हणजे टेबलभोवती बसून, फासे टाकत, एकेक कॅरेक्टर होऊन गोष्ट खेळायची, हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी आणला, आणि मग त्या खेळासाठी वेगवेगळी जगं पुस्तकरूपाने येत गेली. त्यातलं सगळ्यात वापरातलं म्हणजे फरगॉटन रेल्म्स, ते एड ग्रीनवूडने लहानपणापासून रचलेलं होतं आणि खेळासाठी १९८७ ला बाहेर आलं. वॉटरडीप, नेव्हरविंटर, बाल्डर्स गेट ही शहरं त्यातलीच. २०२३ ला आलेला बाल्डर्स गेट ३ व्हिडिओ गेमही त्याच जगात घडतो, आणि आपल्याकडे आता बरेच जण त्या गेममुळेच इकडे येतात. शिवाय ड्रॅगनलान्स आहे, डार्क सन आहे (सगळं रखरखीत वाळवंट, लोखंड दुर्मिळ), कीथ बेकरचं एबेरॉन आहे जिथे जादूवर रेल्वे चालते, आणि पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाचं गोलॅरियन वेगळं.

कोणतं निवडू असं विचाराल तर ज्यात तुम्ही खेळताय तेच निवडा. त्या जगात तुमचे पाय आधीच मळलेले असतात, त्यामुळे काय काढायचं ते शोधत बसावं लागत नाही.

रूलबुक पूर्ण वाचलेलं नाही, तरी चालेल का?

चालेल. कॉमिक वाचणारा नियम तपासायला आलेला नसतो. पण जगाबद्दलचं थोडं नीट वाचा, निदान ज्या गावात गोष्ट घडते त्या गावाबद्दल तरी.

हे कायद्यात बसतं का? कुणी केस तर नाही ना करणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि त्यात परवानगीशिवाय वापराच्या ज्या सवलती आहेत (खाजगी वापर, अभ्यास, समीक्षा वगैरे) त्यात फॅन कॉमिक असं काही वेगळं लिहिलेलं नाही. त्यामुळे "मी पैसे घेत नाही म्हणजे मला सगळं माफ" हे जे सगळे बोलतात ते बरोबर नाही. तुम्हाला आधार असतो तो मालकाने स्वतःहून दिलेल्या परवानगीचा.

डी अँड डी च्या बाबतीत मालक म्हणजे विझर्ड्स ऑफ द कोस्ट. त्यांनी १९९७ ला मूळची टीएसआर कंपनी घेतली आणि १९९९ पासून ते हॅस्ब्रोच्या छत्राखाली आहेत. त्यांची फॅन कंटेंट पॉलिसी नावाची परवानगी त्यांच्या साइटवर आहे, ती इंग्रजीत आहे पण सोपी आहे, चहा पिता पिता वाचून होते, वाचाच. मुख्य गोष्टी अशा की कॉमिक सगळ्यांना फुकट वाचता आलं पाहिजे, वाचण्यासाठी पैसे, सबस्क्रिप्शन किंवा ईमेल रजिस्ट्रेशनची अट घालायची नाही, त्यांचे लोगो वापरायचे नाहीत, आणि हे अधिकृत नाही हे स्पष्ट लिहायचं. त्यासाठी पॉलिसीत एक तयार वाक्य दिलेलं आहे, ते इंग्रजीतच जसंच्या तसं प्रत्येक भागाच्या शेवटी किंवा कॉमिकच्या माहितीत टाका आणि खाली हवं तर मराठीत अर्थ लिहा. स्वतःच्या शब्दांत फिरवून लिहू नका. आणि पुस्तकातलं चित्र, नकाशा किंवा मजकुराची पानं उचलून डकवू नका, जग वापरायचं म्हणजे त्या चित्रकाराचं काम वापरायचं असं नाही.

पाथफाइंडरसाठी पैझो कंपनीचे नियम वेगळे आहेत, ते त्यांच्या साइटवर बघा, आणि हे नियम बदलत असतात म्हणून नवीन चॅप्टर सुरू करायच्या आधी परत एकदा डोळ्याखालून घाला.

मग पैसे कधीच मिळवता येणार नाहीत का?

देणग्या, जाहिराती, स्पॉन्सर यांना विझर्ड्सच्या पॉलिसीत जागा आहे, अट एकच की त्यामुळे वाचणाऱ्याची वाट अडता कामा नये. म्हणजे लोक खुशीने महिन्याला काही देतात आणि कॉमिक मात्र सगळ्यांना उघडं आहे, हे चालतं. पैसे भरले तरच पुढचा भाग, हे नाही चालत.

पण खरंच पुस्तक करून विकायचं मनात असेल तर पहिल्या पानापासून दुसरा रस्ता धरा. २०२३ च्या जानेवारीत जुन्या ओपन गेम लायसन्सवरून (खेळाचे नियम इतरांना वापरू देणारा परवाना) मोठा वाद झाला, नव्या लायसन्सचा मसुदा फुटला, खेळणारे भडकले, आणि शेवटी २७ जानेवारीला विझर्ड्सने खेळाच्या मूळ नियमांचा एसआरडी ५.१ हा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय ४.० खाली मोकळा केला. म्हणजे त्यातलं जे आहे ते क्रेडिट देऊन तुम्ही विकायच्या कामातही वापरू शकता. पण त्यात नियम, मंत्र, बरेच राक्षस आहेत, फरगॉटन रेल्म्स हे जग त्यात नाही. वॉटरडीप नाही, तिथले देव नाहीत, प्रसिद्ध पात्रं नाहीत. जग तुम्हाला स्वतःचं करावं लागेल.

कोणते राक्षस मोकळे आणि कोणते त्यांचे, हे कसं ओळखायचं?

ड्रॅगन, गोब्लिन, एल्फ, ड्वार्फ, सांगाडे, ग्रिफिन हे लोककथांतून आलेले, ते कुणा एकाचे नाहीत. बिहोल्डर, माइंड फ्लेयर, डिस्प्लेसर बीस्ट, गिथयांकी हे विझर्ड्सने नेहमीच स्वतःचे म्हणून राखलेले आहेत. फुकट फॅन कॉमिकमधे पॉलिसीखाली ते काढा, विकायच्या कामात काढू नका. आणि हे नुसतं आपल्याला लागू आहे असं नाही हं, खुद्द डी अँड डी मधेही सुरुवातीला हॉबिट होते, १९७० च्या दशकात टोल्किनच्या हक्कदारांनी हरकत घेतल्यावर त्यांचे हाफलिंग झाले.

आमच्या पार्टीतल्या मित्राचं कॅरेक्टर मी कॉमिकमधे वापरू का?

विचारून. आणि हे मला कायद्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

कंपनी तिकडे लांब आहे, तुमचा मित्र समोर बसलाय. त्याने त्या कॅरेक्टरसाठी रात्री जागून बॅकस्टोरी लिहिलेली असते, तिचा भाऊ का मेला, ती तलवार कुणाची, ती देवळात पाय का ठेवत नाही, आणि हे त्याने सगळ्यांसमोर बोलायचं धाडस केलेलं असतं कारण टेबलवर पाचच माणसं होती. ती गोष्ट उद्या नेटवर शेकडो लोक वाचणार असतील तर त्याला आधी माहीत पाहिजे. बरेचदा त्या बॅकस्टोरीत त्याच्या घरातलं काहीतरी खरं मिसळलेलं असतं आणि ते तुम्हाला माहीतही नसतं.

म्हणून सुरू करायच्या आधी सगळ्यांना एकदा समोरासमोर बसवा, व्हॉट्सअपवर नको, आणि तीन-चार गोष्टी ठरवून टाका. कॅरेक्टरचं नाव आणि रूप वापरायचं का. कोणता भाग टेबलवरच ठेवायचा. गोष्टीसाठी मी त्याला मारलं, भित्रा दाखवला, प्रेमात पाडलं तर चालेल का. त्याने खेळ सोडला तर कॅरेक्टर कॉमिकमधे राहणार का. आणि डीएमला (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) विसरू नका, त्याने स्वतः रचलेली गावं, खलनायक, कोडी हे त्याचं लिखाण आहे, त्याचं नाव प्रत्येक भागावर पाहिजेच. तो पुढचा ट्विस्ट अजून खेळायचा बाकी असेल तर कॉमिकमधे आधी फोडू नका.

माझ्या मते सगळ्यात सुंदर पद्धत म्हणजे भाग टाकायच्या आधी त्या-त्या खेळाडूला त्याच्या कॅरेक्टरचे संवाद वाचायला द्यायचे. "ती असं नाही बोलणार" हे त्याच्याइतकं दुसरं कुणी सांगू शकत नाही, आणि त्याने सुचवलेलं वाक्य बहुतेक वेळा तुमच्यापेक्षा बरं निघतं.

सेशन झालं ते जसंच्या तसं काढू का? आमचं सेशन भारी झालं होतं.

भारी झालं होतं यात वाद नाही पण जसंच्या तसं काढू नका. टेबलवरची मजा ही हजर असण्याची मजा असते, चार तास बसून, चिप्स खात, मधे फोन येत, एका लढाईला दीड तास लागलाय आणि शेवटच्या फाशावर वीस, म्हणजे सगळ्यात मोठा आकडा, पडले म्हणून सगळे उभे राहून ओरडतात. वाचणाऱ्याला तो दीड तास मिळालेला नसतो, त्याला फक्त तो वीस दिसतो आणि त्याला कळत नाही यात एवढं काय.

मग करायचं काय, तर सेशन झाल्यावर त्याच रात्री आठवतंय तेवढं लिहून काढा, काय घडलं ते नको, कोण कुणाला काय बोललं ते. मग दोन दिवस सोडा. नंतर वाचताना जे वाक्य वाचून परत अंगावर येतं किंवा हसू येतं त्या भोवती एक भाग बांधा. बाकीचं सगळं कापा. बाजारातली खरेदी, रात्रीचा पहारा, दार उघडायला तिघांनी केलेले प्रयत्न, सगळं. लढाई सहा-सात पॅनलमधे बसवा, त्यात एकच ठरवा की या लढाईत कुणाचं काय बदललं, आणि तेवढंच दाखवा. भिडणारी तलवार काढायला सगळ्यांनाच आवडतं, पण वाचणारा थांबतो तो लढाई संपल्यावर जो माणूस पाणी द्यायला पुढे आला त्याच्यापाशी.

आणि पहिली गोष्ट छोटी घ्या. अख्खं कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी मोठी गोष्ट) नको. एका वन-शॉटची (एकाच बैठकीत संपणाऱ्या खेळाची), आठ-दहा पानांची, संपणारी गोष्ट. ती संपली की मग मोठी. जग उसनं घ्यायला हरकत नाही पण माणसं आपली पाहिजेत आणि ती माणसं ओळखीची व्हायला छोटी गोष्टच बरी पडते, मोठ्यात जगाचा इतिहास सांगण्यातच पानं जातात. पहिल्या पानावर हजार वर्षांचं युद्ध आणि पाच देवांची नावं असली की मी स्वतः पुढे वाचत नाही.

फासे दाखवायचे की नाही?

दोन प्रकार आहेत. एक, सगळं त्या जगाच्या आत घडतं आणि फासे, खेळाडू काहीच दिसत नाही. दोन, टेबल आणि जग दोन्ही दिसतं, खेळाडू बोलतो आणि कॅरेक्टर करतं. दुसऱ्यात विनोदाला खूप जागा आहे पण दोन-दोन रूपं सांभाळावी लागतात. कुठलाही घ्या, पण मधेच बदलू नका.

मला चित्रं काढता येत नाहीत.

रिच बर्ल्यूचं ऑर्डर ऑफ द स्टिक २००३ पासून चालू आहे आणि त्यातली माणसं काठीच्या हातापायांची आहेत, तरी २०१२ ला त्याच्या जुन्या पुस्तकांच्या छपाईसाठी वाचकांनी किकस्टार्टरवर साडेबारा लाख डॉलर्सच्या वर जमवले. लोक गोष्टीसाठी आणि त्या माणसांसाठी येतात.

तुम्हाला एवढंच जमलं पाहिजे की प्रत्येक कॅरेक्टर लांबून, अगदी काळ्या सावलीतसुद्धा ओळखू आलं पाहिजे. एकीची मोठी टोपी, एकाचा वाकडा भाला, एक बुटका आणि रुंद. प्रत्येकाला एक-दोन रंग ठरवून द्या आणि ते दुसऱ्याला देऊ नका. सुरुवातीलाच प्रत्येकाचं एक पान करा, समोरून, बाजूने, मागून, हसताना, चिडताना, उंची एकमेकांशेजारी उभं करून. चिलखत साधं ठेवा कारण ते तुम्हाला शंभर वेळा काढायचंय.

किल्ले, गुहा, डंजन याचे रेफरन्स कुठून घेऊ? नेटवर सगळे तेच युरोपियन कॅसल.

नाशिकमधे राहून हा प्रश्न पडतो याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण आपल्याइतकं जवळ फार कमी लोकांना मिळतं. वही घ्या आणि पांडवलेण्यांवर जा, २४ लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. तीन नंबरच्या लेण्याच्या व्हरांड्याखाली बघा, मोठाले यक्ष खांद्यावर अख्खं लेणं उचलून धरल्यासारखे कोरलेत. ड्वार्फ लोकांनी डोंगर पोखरून बांधलेला हॉल याहून चांगला कुठे मिळणार? आत गेल्यावर उजेड बघा, दारातून येतो, जमिनीवर पडतो आणि छताकडे कसा मरत जातो. डंजन काढताना सगळे सगळीकडे सारखा अंधार फासतात, एकदा लेण्यात अर्धा तास बसून काढलंत तर परत कधी तसं करणार नाही. भिंतींना हात लावू नका, शिलालेख आहेत.

त्र्यंबककडे हरिहर किल्ला. कातळात खोदलेला तो जवळजवळ उभा जिना, आणि पायऱ्यांमधे हात घालायला केलेल्या खोबण्या. पार्टी वर चढतेय आणि वरून बाण येतायत असा सीन काढायचा असेल तर माणसाचं शरीर तिथे कसं वळतं, पाठीवरची सॅक कशी मागे ओढते, हे फोटोवरून नाही कळत. पावसात आणि सुट्टीच्या गर्दीत मात्र जाऊ नका. साल्हेर जमलं तर बघाच, १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, वरून डोंगरांच्या रांगा अशा दिसतात की नकाशा काढायची वेगळी कल्पना करावी लागत नाही. पेठ रोडचा रामशेज तर अगदी शेजारी. दिसायला साधी टेकडी, पण १६८२ पासून काही वर्षं मुघल फौजेला दाद दिली नाही, आणि आत तोफा नव्हत्या म्हणून लाकडाच्या केल्या असं सांगतात. थोडी माणसं, छोटा किल्ला, बाहेर मोठं सैन्य, यावर एक अख्खा चॅप्टर होतो.

गावातलं हवं असेल तर सरकारवाडा, जुन्या नाशकातले वाडे, लाकडी खांब, दगडी जोती, भद्रकालीच्या गल्ल्या, तांबट लोकांची भांडी. आणि सिन्नरचं गोंदेश्वर, त्या दगडावरचं कोरीवकाम एका दिवसात काढून होत नाही, एकच खांब घ्या.

मग सरळ नाशिकच का दाखवू नये? रामकुंडावर ड्रॅगन?

शहर उचलून तिकडे ठेवण्यापेक्षा शहराच्या सवयी न्या, असं माझं मत आहे. उदाहरण सांगते. गोदावरीला पूर आला की आपण काय विचारतो, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. त्यावरून सगळ्या गावाला कळतं पूर किती. आता तुमच्या नदीकाठच्या कल्पित गावात अशी एक जुनी मूर्ती ठेवा, एखाद्या विसरलेल्या योद्ध्याची, आणि म्हातारी दारातून ओरडून विचारते "कुठवर आलं गं पाणी?" आणि पोरगी म्हणते "गळ्यापर्यंत!" बस, वाचणाऱ्याला भीती कळली, एक ओळ माहिती द्यावी लागली नाही. असं काहीतरी तुमच्या जगात आलं की ते इंग्रजी पुस्तकाची नक्कल राहत नाही.

देवादिकांचं मात्र जपून. ज्यांची रोज पूजा होते त्यांना राक्षस म्हणून किंवा खेळातल्या देवांच्या यादीत बसवू नका. लोक दुखावतात आणि तुमच्या गोष्टीला त्याची गरजही नसते, फरगॉटन रेल्म्समधे त्यांचे स्वतःचे भरपूर देव आहेत.

संवाद मराठीत लिहिले की डबिंगसारखे वाटतात. काय करू?

कारण डोक्यात इंग्रजी वाक्य आधी येतं. "मी तुझ्यावर विश्वास ठेवत नाही, चोरा!" असं कोणी बोलत नाही. "तुझं काय खरं नाय गड्या, आधी खिसे दाखव" असं बोलतात. सेशनमधे तुमचे मित्र जे बोलतात तेच लिहा, कॉलेज रोडच्या कट्ट्यावर बसल्यासारखे बोलत असतील तर तसंच, आणि एखादा "काय भो" म्हणत असेल तर त्याच्या बार्बेरियनलाही म्हणू द्या.

आता एक गोष्ट जी इंग्रजी कॉमिकवाल्यांकडे नाहीच आणि आपल्याकडे फुकट आहे, तू, तुम्ही आणि आपण. तीनशे वर्षांची एल्फ बाई दिसायला विशीची आहे, साठीचा ड्वार्फ तिला काय म्हणणार? पॅलाडिन (धर्मयोद्धा) आपल्या राजाला आपण म्हणतो, राजा त्याला तू म्हणतो, आणि ज्या दिवशी राजा त्याला तुम्ही म्हणतो त्या दिवशी काहीतरी बिनसलंय. पार्टी नवीन असताना सगळे अहो-जाहो करतायत आणि पहिल्या लढाईत एकजण किंचाळतो "वाक तू!", तिथून ते तूच राहतं. हे आधी तक्ता करून ठरवा, कोण कुणाला काय म्हणतं, नाहीतर चार पानांनी विसरायला होतं. धर्मशाळेच्या मालकिणीला मावशी म्हणा, पहाऱ्यावरच्या शिपायाला साहेब म्हणा, पुजाऱ्याला महाराज.

गावांची आणि माणसांची नावं आहेत तशीच देवनागरीत लिहा, वॉटरडीपचं भाषांतर नको. आणि स्पेलची नावं टेबलवर जी म्हणता तीच, फायरबॉलला सगळे फायरबॉलच म्हणतात.

देवनागरीसाठी कोणता फॉन्ट?

कलम हा हाताने लिहिल्यासारखा आहे आणि बबलमधे छान बसतो. निवेदनाच्या चौकटीला मुक्त, शीर्षकाला बलू किंवा मोदक. हे सगळे गूगल फॉन्ट्सवर ओपन लायसन्सखाली फुकट आहेत, छपाईतही चालतात. नेटवर कुठून तरी मिळालेले जुने नॉन-युनिकोड फॉन्ट घेऊ नका, उद्या मजकूर शोधता येणार नाही की दुसरीकडे चिकटवता येणार नाही.

इंग्रजीसारखी कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीत, त्यामुळे जोर द्यायचा तर ठळक करा किंवा आकार वाढवा. वर वेलांटी आणि खाली उकार असल्याने ओळींमधे जास्त अंतर लागतं, ते कमी केलं की "कुर्‍हाड" आणि खालच्या ओळीतलं "तिथे" एकमेकांत घुसतात. म्हणून आधी मजकूर ठेवा, मग त्याभोवती बबल काढा, उलटं नाही. एका बबलमधे वीसेक शब्दांच्या वर जाऊ नका.

जुन्या फोटोशॉपमधे वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला नाही तर जोडाक्षरं तुटतात आणि पहिली वेलांटी भलतीकडे जाते. इंकस्केपमधे देवनागरी नीट येते, मी लेटरिंग तिकडेच करते. कुठलंही नवीन अ‍ॅप घेतलं की "स्त्री, दऱ्या, क्षत्रिय, किंकाळ्या" एवढं टाइप करून बघा, नीट दिसलं तर पुढे जा.

आवाजांचे शब्द मात्र फॉन्टने लिहू नका, हाताने काढा. धाडकन, सप्पकन, खण्ण, कडाड, धप्प, सळसळ, आपल्याकडे आवाजाला शब्द कमी पडत नाहीत आणि "बूम" पेक्षा "धडाम" पानावर जास्त जागा व्यापतं. ओरडणं लांबवायचं तर अवग्रह आहेच, "पळाऽऽऽ".

कुठलं सॉफ्टवेअर, कुठला टॅबलेट?

क्रिटा, फुकट आणि पुरेसं. मोबाईलवर आयबिस पेंट. कागदावर काढून फोनने स्कॅन केलं तरी चालतं. टॅबलेट स्वस्तातला स्क्रीन नसलेला घ्या, पैसे नंतर घाला.

पानाचा साइझ?

उभं स्क्रोल करायचं असेल तर वेबटून कॅनव्हासवर ८०० बाय १२८० पिक्सेलचे तुकडे लागतात, पण काढताना रुंदी १६०० घ्या आणि शेवटी अर्धी करा. इन्स्टाला १०८० बाय १३५० आणि एका पोस्टमधे २० पर्यंत चित्रं. पुढेमागे छापायची शक्यता असेल तर ए-फोर ३०० डीपीआय म्हणजे २४८० बाय ३५०८ वर काढा, मोठ्याचं लहान करता येतं, लहानाचं मोठं नाही. टाकण्याआधी फोनवर उघडून बसमधे वाचल्यासारखं वाचा, डोळे बारीक करावे लागले तर अक्षर वाढवा.

किती दिवसांनी भाग टाकायचा?

जेवढं परीक्षेच्या आठवड्यातही जमेल तेवढंच जाहीर करा. पंधरा दिवसांनी एक पान हे चांगलं आहे. सुरू करायच्या आधी चार-पाच भाग तयार ठेवा.

एआयने चित्रं करून घेतली तर?

माझं म्हणणं नको. विझर्ड्सनेही २०२३ मधे त्यांच्या चित्रकारांना डी अँड डी च्या कामात एआय वापरू नका असं सांगितलं होतं. पण त्यापेक्षा मोठं कारण म्हणजे तुमच्या मित्राने जी माणसं डोक्यात जपलीत ती तुम्ही हाताने काढून त्याला दाखवता तेव्हा तो दोन मिनिटं काही बोलत नाही. वाकडं असलं तरी तेच द्या.

छापून विकता येईल का? निदान ग्रुपपुरतं?

फॅन पॉलिसीखाली विकता येत नाही. पार्टीतल्या सगळ्यांना एकेक कॉपी भेट द्यायची असेल तर शालिमार, मेन रोडकडे डिजिटल प्रिंटवाले आहेत, मधे पिन मारून पुस्तिका करून देतात. पानं चारच्या पटीत ठेवा. फाइल पीडीएफ द्या आणि अक्षरांचे आउटलाइन करून द्या, नाहीतर त्यांच्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसेल आणि सगळ्या काना-मात्रा पसरतील.

वाचणारे म्हणतात अमुक गावात असं नसतं, कॅननमधे (अधिकृत पुस्तकांत) वेगळं आहे. काय उत्तर देऊ?

सुरुवातीलाच एक ओळ टाका, ही आमच्या टेबलवरची फरगॉटन रेल्म्स आहे. प्रत्येक टेबलवर जग थोडं वेगळं असतंच, खेळच तसा बनवलाय. पण कुणी चांगल्या मनाने माहिती दिली तर आभार मानून वाचा, त्यातून पुढच्या भागाला काहीतरी मिळतं.

कॅम्पेन मधेच बंद पडलं, दोघं पुण्याला गेले. आता कॉमिकचं काय करू?

हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं. नोकरी, लग्न, शिफ्ट. कॉमिक त्यामुळे थांबायची गरज नाही पण शेवट एकट्याने ठरवू नका. सगळ्यांना एका रविवारी ऑनलाइन बोलवा आणि प्रत्येकाला एकच विचारा, तुझं कॅरेक्टर शेवटी कुठे असतं? डीएमला विचारा, तू काय लपवून ठेवलं होतंस? ही उत्तरं लिहून घ्या, त्यातूनच शेवटचा चॅप्टर करा, आणि ज्याच्याकडून उत्तर आलं नाही त्याचं कॅरेक्टर जिवंत ठेवून प्रवासाला पाठवा, म्हणजे तो परत आला तर जागा राहील.